भालदार, चोपदार आणि बाई

जागा भाड्याने देण्याआधी लोक नोकरी विचारतात, क्रेडिट स्कोअर विचारतात, काही जण अजूनही घरात काय शिजवणार ते विचारतात. बाईंनी मला एकच प्रश्न विचारला.

"झोप कशी आहे तुझी?"

"म्हणजे?"

"गाढ लागते, की जरा खुट्ट झालं की उठून बसतेस?"

मी म्हटलं, गाढ. त्या म्हणाल्या, "मग सामान आण."

तेवढ्यात घरामागून आवाज आला. रिकाम्या पिंपात तोंड घालून कुणी लांबलचक हाक मारावी तसा. मी जागच्या जागी दचकले. बाईंच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. "तो भालदार," त्या म्हणाल्या. "त्याला नवं माणूस आलेलं कळलंय."

मी तेव्हा अ‍ॅशबर्नच्या एका डेटा सेंटरमध्ये नुकतीच लागले होते. नवरा एडिसनला त्याच्या नोकरीत. एक आड एक वीकेंडला मी तिकडे ड्राइव्ह करत जायची. ऑफिसजवळ आपल्या लोकांची चिक्कार अपार्टमेंट्स होती, आणि फोनवर नवरा सारखा म्हणायचा, "अगं यार, सगळं मंडळ तिथे असताना तू त्या रानात कशाला राहतेस?" मला नीट सांगता यायचं नाही. दिवसभर सर्व्हरच्या पंख्यांच्या घरघरीत काढल्यावर संध्याकाळी पश्चिमेला गाडी काढावी, एकसारखी टाउनहाउसं संपावीत, लाकडी कुंपणं सुरू व्हावीत, आणि शेवटी बाईंच्या फाटकाशी दिवे बंद करून दोन मिनिटं नुसतं बसावं, हे मला आवडायला लागलं होतं. त्यांच्या घराचं बेसमेंट माझं होतं. वर बाई, मागे कुत्री, आणि त्यापलीकडे ओढ्यापर्यंत उतरत गेलेलं रान.

पहिल्याच दिवशी मी त्यांना काकू म्हटलं होतं.

"काकू नको. तुझ्या काकाला मी ओळखत नाही."

"मग मावशी?"

"तुझ्या आईलाही ओळखत नाही. बाई म्हण. शाळेत म्हणायचीस ना? तसं."

तेव्हापासून बाई. नवऱ्याला हे फार विचित्र वाटायचं. "आपण बाई कामाला येणारीला म्हणतो," तो म्हणाला. हे मी बाईंना सांगितलं तर त्या खूश झाल्या. "बरोबरच आहे. या घरात सगळं काम मीच करते."

बाई मूळच्या अकोल्याच्या. लग्न होऊन इकडे आल्या, इथे शिकल्या, आणि जन्मभर एका क्लिनिकमध्ये लोकांचे कान तपासले. ऑडिऑलॉजिस्ट. काचेच्या खोलीत माणसाला बसवायचं, कानांवर हेडफोन घालायचे, बारीक बारीक शिट्ट्या ऐकवायच्या आणि कुठली शिट्टी त्याला ऐकू आली नाही ते टिपायचं. रिटायर झाल्यावरही ही सवय सुटली नव्हती. मंडळाच्या गणपतीत आरती चालू असताना त्या टाळ्या थांबवून शेजारच्या गृहस्थांना म्हणाल्या होत्या, "तुमचा उजवा कान तपासून घ्या. तुम्ही अर्धा सूर खाली आहात, आणि तुम्हाला ते माहीत नाही." ते गृहस्थ मंडळाचे अध्यक्ष होते. पुढच्या वर्षी त्यांनी कानात मशीन घातलं, पण बाईंना आरतीला पुढे उभं राहू दिलं नाही.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्या साडीवर फ्लीसचं जॅकेट आणि पायात चिखलाचे रबरी बूट घालून जायच्या. बूट दारात काढायच्या, पण जॅकेटला चिकटलेले काटेरी गोखरू तसेच असायचे. गप्पा मारता मारता एकेक काढून यजमानिणीच्या बशीत ठेवायच्या. मुलं त्यांच्याभोवती गोळा व्हायची, कारण त्या मुलांना रॅकूनच्या गोष्टी सांगायच्या आणि त्यात कसलाही बोध नसायचा.

रॅकून इथे सगळ्यांना माहीत असतो. डोळ्यांभोवती काळी पट्टी, शेपटीवर वळी, कचऱ्याचा डबा उघडण्यात वाकबगार. बाईंची कुत्री खास त्याच्या मागावर जाण्यासाठी पैदा केलेल्या जातीची होती. लोंबते कान, लांब पाय, आणि देहाच्या मानाने फारच मोठा आवाज. अंधार पडला की त्यांना रानात सोडायचं. ती वास घेत घेत माग काढतात आणि माग सापडला की लांब सुरात ओरडत धावतात. रॅकून झाडावर चढला की बुंध्याला पुढचे पाय लावून उभी राहतात आणि मग त्यांचा आवाज बदलतो. तुटक, भराभर. मालक एवढा वेळ लांब अंधारात उभा. त्याने फक्त ऐकायचं. कुत्री कुठे आहेत, कुठल्या बाजूला वळली, धावतायत की झाडाखाली थांबलीत, सगळं कानाने. मग आवाजाच्या रोखाने चालत जायचं, बॅटरीच्या उजेडात फांद्यांमध्ये डोळे शोधायचे, कुत्र्यांना पट्टा लावायचा आणि परत यायचं.

बाई बंदूक बरोबर घ्यायच्या, पण ती चालवायच्या क्वचितच. कुणाच्या कोंबड्यांच्या खुराड्यात शिरणारा रॅकून असला तरच. "खाता का हो?" असं मी एकदा भीत भीत विचारलं. "खाल्लाय. अर्लची बायको करते. तेलकट असतो," एवढंच त्या म्हणाल्या, आणि भाजीत मीठ घातलं.

कुत्र्यांची नावं त्यांनी दरबारातल्या ललकारी देणाऱ्यांवरून ठेवली होती. भालदार निळसर ठिपक्यांचा, तोच तो पिंपातल्या आवाजाचा. चोपदार पांढरा-काळा-तांबडा, किडकिडीत, लाकडावर हातोडी मारावी तसा भुंकणारा. शेजारच्या शेतावरच्या अर्लला ही नावं म्हणता येत नसत. त्याने चोपदारचं 'चॉप' केलं. गंमत अशी, की इथल्या शिकाऱ्यांच्या बोलीत झाडाखालच्या त्या तुटक भुंकण्याला चॉपच म्हणतात. अर्ल भेटेल त्याला सांगायचा, की डॉकने, म्हणजे बाईंनी, कुत्र्याचं नाव काय अचूक ठेवलंय. बाईंनी त्याची समजूत कधीच दुरुस्त केली नाही.

या अर्लमुळेच बाई रानात गेल्या. तो मुळात त्यांचा पेशंट. तरणेपणापासून ट्रॅक्टर आणि बंदुका यांच्यात कान गेलेले. बायकोने जबरदस्तीने क्लिनिकमध्ये आणला होता. बाईंनी विचारलं, काय काय ऐकू येत नाही? तो म्हणाला, बायको ऐकू येत नाही, त्याचं काही नाही, पण कुत्री ऐकू येईनाशी झाली आहेत. बाईंनी दोन्ही कानांना मशीनं बसवून दिली. पंधरवड्याने तो परत. कुत्री पत्र्याच्या डब्यात भुंकतायत असं वाटतं म्हणाला. बाईंनी मशीनं पुन्हा जुळवून दिली. पुन्हा परत. तिसऱ्या वेळी बाई म्हणाल्या, इथे बसून मला कळणार नाही, मला तुझी कुत्री ऐकव.

"आणि मी लॅपटॉप घेऊन त्याच्या ट्रकमध्ये बसले," बाई सांगायच्या. "नवरा जाऊन वर्ष झालं होतं. संध्याकाळी मला कुठे जायचं नसायचंच. फेब्रुवारी होता. ट्रकच्या बॉनेटवर लॅपटॉप ठेवून मी त्याची मशीनं लावत होते, आणि त्याच्या कुत्रीने तोंड उघडलं. मी पुढे काय केलं मला आठवत नाही. अर्ल सांगतो, मी लॅपटॉप उघडा टाकून त्याच्या पुढे चालत गेले."

पुढच्याच वर्षी त्यांनी अर्लच्या शेजारची ही जागा घेतली.

"आधी गप्प," हे त्यांचं पालुपद. कुणीही काही विचारलं, की आधी गप्प. मग ऐकायचं, मग उत्तर. एकदा जमिनींचा एक एजंट आला होता. आमच्या डेटा सेंटरांची बिनखिडक्यांची पांढरी गोदामं हळूहळू पश्चिमेकडे सरकत होती, त्यांना बाईंची आणि अर्लची मिळून जागा हवी होती. तो चकचकीत बूट घालून अंगणात उभा राहिला आणि बोलायला लागला. बाई म्हणाल्या, "आधी गप्प. पाच मिनिटं." त्याला वाटलं प्रार्थना वगैरे असेल. तो हात जोडून उभा राहिला. पाच मिनिटांनी बाईंनी विचारलं, "काय ऐकू आलं?" तो म्हणाला, काहीच नाही, फार शांत आहे इथे. "तुम्हाला काही ऐकू येत नाही अशी जागा तुम्ही कशी विकत घेणार?" असं म्हणून त्यांनी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं.

माझ्या ऑफिसचा आवाज त्यांना घरी बसून ऐकू यायचा, असा त्यांचा दावा होता. वारा पूर्वेचा असला की म्हणायच्या, "आज तुझं ऑफिस जोरात आहे." मी ते थट्टेवारी न्यायची. तिसऱ्या हिवाळ्यात त्या हे म्हणेनाशा झाल्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "हल्ली कमी आवाज करता तुम्ही लोक." मला वाटलं, नवे पंखे बसवलेत त्याचा परिणाम असेल.

त्याच हिवाळ्यात मी त्यांच्याबरोबर रानात जायला लागले. तोवर नुसती निघताना बघायची. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत रॅकून ढोलीत पडून असतात. फेब्रुवारीत बर्फ विरघळायला लागलं, की नर बाहेर पडून माद्या शोधत रान पालथं घालतात. मारण्याचा हंगाम संपायला मग थोडेच दिवस उरलेले असतात. बाई या दिवसांसाठी वर्षभर थांबायच्या. पण नेमकं त्या वर्षी अर्लच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. तो कुबड्यांवर. बाई एकट्या निघाल्या तर तो फाटकापर्यंत आला आणि मला म्हणाला, "तू जा तिच्याबरोबर."

"मला यातलं काही येत नाही," मी म्हटलं.

"येण्यासारखं काही नाही. फक्त जा."

त्याच्या स्वरात काहीतरी होतं, ते मला तेव्हा कळलं नाही. थंडीत म्हाताऱ्या बाईने एकटीने जाऊ नये, एवढाच अर्थ मी लावला.

पहिल्या दोनतीन खेपा चांगल्या गेल्या. कुत्री जवळपासच राहिली. बाई ट्रकपाशी काठी टेकवून उभ्या राहायच्या आणि कुत्री बोलली की अंग सावकाश फिरवायच्या, पूर्ण गोल, आणि मग मला विचारायच्या, "तुला कुठून वाटतं?" मला वाटलं, मला शिकवतायत. मी बोट दाखवलं की म्हणायच्या, "बरोबर," आणि चालू लागायच्या. मला स्वतःचा फार अभिमान वाटायचा.

मग तो दिवस आला. आदल्या आठवड्यातलं बर्फ दिवसभर वितळत होतं, झाडांवरून ठिबकत होतं. ऑफिसातून आले तेव्हा बाई बूट घालून तयार. अंधार पडतापडता आम्ही ओढ्याच्या वरच्या अंगाला कुत्री सोडली. भालदारने लगेचच सूर लावला. मग दोघंही लांब गेली, टेकाडामागे आवाज बुडाला, पुन्हा वर आला, आणि एकदम चोपदारची हातोडी सुरू झाली. भराभर, न थांबता.

"झाडाला लागली," बाई म्हणाल्या. या वेळी त्यांनी मला विचारलं नाही. काठी उचलली आणि डावीकडे, ओढ्याच्या रोखाने निघाल्या.

"बाई, मला उजवीकडून वाटतंय. टेकाडावरून."

"टेकाडावर आवाज आपटून परत येतो. तुझा कान पुण्याचा आहे, त्याला हॉर्न कळतात. चल."

मी मागोमाग निघाले. त्या इतकी वर्षं हे करत होत्या, मी दोन आठवडे. ओढ्याच्या काठाला अजून बर्फाची कड होती, वरून पांढरी आणि टणक दिसणारी. बाई त्यावर पाय ठेवून पलीकडच्या दगडावर जायला वळल्या आणि कड मोडली. फार आवाजही झाला नाही. काचेचं ताट तडकावं तेवढाच. त्या कमरेपर्यंत पाण्यात गेल्या.

मी किंचाळले. कुत्र्याचा पट्टा माझ्या हातात होता, त्याचं एक टोक फेकलं. त्यांनी ते धरलं, पण बाहेर यायला हलल्याच नाहीत. माझ्या कपाळावरच्या दिव्याच्या उजेडात त्यांचा चेहरा दिसत होता. त्या ऐकत होत्या.

"बाई, अहो, बाहेर या आधी!"

"ओरडू नकोस. कुठे आहेत ती?"

मी उजवीकडे बोट केलं. पाण्याचा खळखळाट होता, तरीही शंकाच नव्हती. टेकाडावरच. बाईंनी आधी माझ्या बोटाकडे पाहिलं, मग त्या बाजूला. त्या बाजूला नुसता अंधार होता.

"हो का," त्या म्हणाल्या. अगदी साध्या आवाजात. "मला नुसता आवाज येतोय, कुठून ते कळत नाही. अंदाजाने निघाले होते. डावा कान गेलाय माझा. दोन वर्षं झाली जायला लागून."

मग पट्ट्याला धरून वर आल्या.

ट्रकपर्यंतची वाट लांब नव्हती, पण तेवढ्यातच त्यांचे दात वाजायला लागले आणि पाय अडखळू लागले. मी त्यांचे बूट आणि ओले कपडे काढले, ट्रकमधली घोंगडी, माझं जॅकेट, सगळं त्यांच्याभोवती गुंडाळलं, हीटर पूर्ण लावला आणि अर्लला फोन केला. मला सरळ हॉस्पिटलला जायचं होतं. बाईंनी दाराची कडी धरून ठेवली.

"कुत्री झाडाखाली आहेत."

"राहू देत. मी नंतर येऊन नेईन."

"त्यांना वाटतंय आपण येतोय." थंडीने त्यांचे शब्द तुटत होते. "ती तिथून हलणार नाहीत. झाडाखाली कुत्रं सोडून जायचं नाही."

अर्ल त्याच्या बायकोला गाडी चालवायला लावून आला. कुबड्या टाकत ट्रकपाशी पोचला, बाईंना बघितलं आणि मला म्हणाला, "आम्ही हिला नेतो. तू कुत्री आण."

"मी? एकटी?"

"ऐकू येतायत ना?"

येत होती. त्या रानात मी त्याआधी कधी एकटी दहा पावलंही गेले नव्हते. कपाळावरचा दिवा पायापुढचं एवढंसं वर्तुळ उजळत होता, बाकी काळोख. भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू. पण टेकाड चढताना एक गोष्ट लक्षात आली. मी ऐकायला थांबले की भीती मागे पडायची. हातोडीचा तो ठोका समोर होता, मधे एखादी घळ आली की डावीकडे सरकायचा, चढ चढला की पुन्हा नाकासमोर. दोन कान असणं म्हणजे काय, याचा मी जन्मात कधी विचार केला नव्हता. पांढऱ्या सालीच्या एका प्रचंड झाडाखाली दोघं बुंध्याला पाय लावून उभी होती. मला बघून शेपट्या हलल्या, आवाज थांबला नाही. वर पहिल्या फाट्यात दोन हिरवट डोळे. रॅकून अंगाचा गोळा करून, कंटाळल्यासारखा खाली बघत होता. पट्टे लावले, तरी कुत्री यायला तयार नाहीत. मी त्यांना मराठीतून येतील तेवढ्या शिव्या देत अक्षरशः ओढत खाली आणलं.

बाईंना एक रात्र हॉस्पिटलात ठेवलं. सकाळी मी आणि अर्ल बाहेरच्या खुर्च्यांवर कॉफी पीत बसलो होतो. मी त्याला बाईंच्या कानाचं सांगितलं. त्याला आश्चर्य वाटलं नाही.

"माहीत आहे मला," तो म्हणाला. "वर्ष तरी झालं."

"त्यांनी सांगितलं?"

"छे. कुत्री बोलली की ती लगेच निघायची नाही. आधी माझ्याकडे बघायची. मीही कैक वर्षं तसाच लोकांकडे बघत होतो, मला ते बघणं कळतं."

"मग तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? मी आधी चालायला लागलो." त्याने कॉफीचा घोट घेतला. "पूर्वी ती पुढे असायची. गेल्या हिवाळ्यापासून मी पुढे. ती काही बोलली नाही, मी काही बोललो नाही. मग हा गुडघा."

बाईंची मुलगी त्याच दिवशी अल्फारेटाहून विमानाने आली. माझ्याहून थोडी मोठी, वकील, नीटनेटकी. लहानपणी आईने कुत्री आणली नव्हती. ती कॉलेजला गेल्यानंतरचा हा सगळा कारभार, त्यामुळे तिला तो कधी पटला नाही. आईशी ती इंग्रजीत भांडायची आणि आई मराठीत. मी चहा करत होते, वरच्या घरात.

"आई, यू कुड हॅव डाइड!"

"मेले नाही."

"यू न्यू अबाउट युअर इअर! ऑफ ऑल पीपल!"

"माहीत होतं. म्हणूनच. तीस वर्षं लोकांना सांगितलं, लवकर या, लपवू नका. कुणी ऐकलं नाही. तेव्हा मला त्यांचा राग यायचा. आता नाही येत."

मुलगी रडायला लागली. बाई तिच्याकडे बघत राहिल्या, मग उठून तिच्या हातात नॅपकिन दिला. तो कुत्र्यांचा होता.

तपासण्या झाल्या. गाठ वगैरे काही निघाली नाही, तेवढं बरं. पण डावा कान मशीन लावण्यापलीकडे गेला होता. बाईंच्याच हाताखाली शिकलेली एक तरुण ऑडिऑलॉजिस्ट आता त्या क्लिनिकमध्ये होती, तिने त्यांना त्याच काचेच्या खोलीत बसवलं. दुसऱ्या बाजूचा आवाज चांगल्या कानात आणून सोडणारं एक यंत्र तिने दाखवलं. बाईंनी ते आठवडाभर वापरलं आणि परत केलं. "ऐकू सगळं येतं. पण कुठून ते कळत नाही. ते यंत्रात नसतंच, ते दोन कानांच्या मधे असतं." मी कुत्र्यांच्या गळ्यात घालायच्या जीपीएस पट्ट्याचं सुचवलं. इथले बहुतेक शिकारी आता तेच वापरतात. अर्लने कुणाकडून तरी एक जोडी आणलीसुद्धा. बाईंनी स्क्रीनवरचे दोन बाण थोडा वेळ बघितले आणि म्हणाल्या, "छान आहे. पण हे तर मी घरी बसूनही बघेन."

मग त्यांनीच मुलीला सांगितलं, की मी अल्फारेटाला येते. कुणी आग्रह केला नव्हता त्या दिवशी. आम्ही जेवत होतो, त्यांनी वरण वाढता वाढता सांगितलं. मुलीचा घास हातात राहिला.

"अँड द डॉग्ज?" तिने विचारलं. "आय मीन, एकाला... वी कॅन मॅनेज वन."

"दोघंही अर्लकडे राहतील. एकाला नेऊन काय करू? तुमच्या कॉलनीत ती भुंकली तर लोक पोलिसांना बोलावतील, आणि नाही भुंकली तर मला बघवणार नाही."

निघण्याआधी, मार्चच्या सुरुवातीला, एक उबदार संध्याकाळ मिळाली. अर्ल कुबड्या टाकून काठीवर आला होता. आम्ही ट्रक रानाच्या कडेला लावला, मागचं फळकं पाडलं आणि त्यावर बाईंसाठी घोंगडी टाकली. मुलगी पुढे गाडीत हीटर लावून फोन बघत बसली होती. कुत्री सोडली. बराच वेळ काही नाही. झाडांवर नव्या कळ्यांचा वास होता, ओढा भरून वाहत होता. मग भालदारने लांब, खालून वर जाणारा सूर लावला.

अर्लने आणि मी एकदमच डावीकडे बघितलं. मी वाकून बाईंना म्हटलं, "ओढ्याच्या खालच्या अंगाला, बाई. त्या पडक्या कुंपणाच्या..."

"सांगू नकोस," त्या म्हणाल्या. डोळे मिटलेले होते. "आज मला कुठे जायचं नाहीये. पूर्वी आवाज एका कोपऱ्यातून यायचा. तो आला की पाय उचलावे लागायचे, बाकीचं रान तसंच राहून जायचं. आता सगळीकडून येतोय. झाडं, आभाळ, या ट्रकचं पत्रं, सगळंच भुंकतंय असं वाटतं." थोड्या वेळाने म्हणाल्या, "वाईट नाहीये. तुम्ही जा."

अर्लने काठी उचलली. तेवढ्यात गाडीचं दार उघडलं आणि मुलगी बाहेर आली. हात खिशात घालून थोडा वेळ उभी राहिली, मग फळक्यावर चढून आईशेजारी बसली. "आई, विच वन इज दॅट?" तिने विचारलं. बाई समोर बघत होत्या. उत्तर आलं नाही. मुलीने पुन्हा तोंड उघडलं आणि मिटलं. मग ती खाली उतरली, ट्रकला वळसा घालून आईच्या उजव्या बाजूला येऊन बसली, अगदी चिकटून.

"आई, हा कोण?"

"हा भालदार," बाई म्हणाल्या. "चोपदार अजून गप्प आहे. त्याला खात्री झाल्याशिवाय तो बोलत नाही."

दोघी वाट बघत बसल्या. मी आणि अर्ल चालू लागलो.